सोमवारचे पत्र



घरापासून दूर गेलेल्या मुलाची खुशाली घरी कशी पोहोचते, आणि जी पोहोचते ती कितपत खरी असते, हा प्रश्न आज आपल्या समाजातील बहुतेक घरांना पडलेला आहे. जालन्याच्या मोंढ्यात ज्यांची पिढीजात आडत आहे, त्यांची नातवंडे पुण्यात आहेत, बंगळुरूत आहेत, लातूरच्या नि कोट्याच्या शिकवणी वर्गांत आहेत. काही तर समुद्रापलीकडे आहेत. या वेळी त्या प्रश्नाकडे जरा परक्या वाटेने जावे असे मनात आहे. ती वाट म्हणजे अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या तरुण प्रचारकांची. त्यांचा धर्म आपला नव्हे, आणि त्यांचे प्रचारकार्य आपणांस पटावे असा या लेखाचा हेतूही नाही. परंतु अठरा वर्षांच्या मुलाने दोन वर्षे घराबाहेर राहायचे आणि दर आठवड्याला घरी वर्तमान कळवायचे, ही व्यवस्था त्या लोकांनी मोठ्या बारकाईने बसवलेली आहे. तिच्यातील शिस्त पाहण्यासारखी आहे आणि तिच्यातील उणीव त्याहूनही पाहण्यासारखी आहे. कारण ती उणीव आपल्या ओळखीची आहे.

या पंथाचे अधिकृत नाव लांबलचक आहे : चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापन केला आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग ही मंडळी युटाच्या ओसाड मुलखात येऊन वसली. मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी त्यांना वर्ज्य आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून उपवास करायचा आणि त्या जेवणाचा वाचलेला पैसा गरिबांसाठी द्यायचा, असा त्यांचा नेम आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्यास द्यायचा हाही नियमच. उपवास आणि दान ही दोन्ही आपल्या परिचयाची. मात्र मोंढ्यातील एखाद्या आडत दुकानी जाऊन चहाला नको म्हणणारा माणूस सौदा कसा उरकणार, हे कोडेच आहे.

या पंथातील मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याने दोन वर्षे प्रचारक म्हणून बाहेर पडावे अशी अपेक्षा असते. २०१२ पर्यंत हे वय एकोणीस होते. मुलींवर तशी सक्तीची अपेक्षा नाही. ज्या जातात त्या दीड वर्षासाठी जातात. आजमितीस जगभर असे ७० हजारांहून अधिक तरुण-तरुणी फिरत आहेत. भारतात त्यांच्या कार्याचे केंद्र १९९३ पासून बंगळुरूला आहे, आणि २००७ मध्ये दुसरे नवी दिल्लीला झाले. कुठे जायचे हे मुलगा ठरवत नाही. अर्ज करायचा, मग मुख्यालयातून पत्र येते, आणि त्यात ब्राझील असेल तर ब्राझील, बंगळुरू असेल तर बंगळुरू. ते पत्र सारे गणगोत जमवून, सर्वांच्या देखत उघडण्याची चाल पडून गेली आहे. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल पाहताना घरात जी शांतता पसरते, तशीच तेथेही पसरत असणार.

निघण्यापूर्वी काही आठवडे प्रशिक्षण होते, गरज असेल तर नव्या देशाची भाषाही शिकवतात. मग पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी. पट्टीवर स्वतःचे नाव नसते, फक्त आडनाव. आणि त्यामागे ‘एल्डर’ हा शब्द, म्हणजे वडीलधारा. ओठांवर मिसरूड नीट न फुटलेल्या पोराला दोन वर्षे सारे जण वडीलधारा म्हणून हाक मारतात. सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला निजणे, उठल्यावर अभ्यास, मग दिवसभर घरोघर फिरणे, हा त्यांचा रूढ दिनक्रम. चित्रपट नाही, मैत्रीण नाही, नेमून दिलेल्या भागाबाहेर पाऊल नाही. सर्वांत कडक नियम सोबत्याचा. प्रत्येकाला एक जोडीदार दिलेला असतो आणि त्याच्या नजरेच्या व हाकेच्या टप्प्याबाहेर जायचे नसते. जोडीदार स्वतः निवडायचा नाही. साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांची वेळ येते. जुळले तरी जोडी मोडते, न जुळले तरी ती तोवर निभवावी लागते. एकलविहार नको हा विचार आपल्या साधू-साध्वींच्या आचारातही आहे, म्हणून त्याचे आपल्याला नवल वाटणार नाही. पण आपल्याकडे घर सोडलेला जीव घराला पत्र लिहीत बसत नाही. त्याने ते नाते मागेच ठेवलेले असते. हा मुलगा मात्र परत येणार असतो, कॉलेजात जाणार असतो, लग्न करणार असतो. त्यामुळे त्याच्या मनाचा एक धागा सतत घरात गुंतलेला.

खर्चाची रीत व्यापाऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. या मुलांना पगार नसतो. खर्च स्वतः मुलाने किंवा त्याच्या घरच्यांनी करायचा. १९९१ पूर्वी ज्या गावी मुलगा जाईल तेथला खर्च त्याच्याच घरावर पडे. एकाच गल्लीतील दोन मुलांपैकी एक स्वस्त मुलखात गेला आणि दुसरा टोकियोला, तर दुसऱ्याच्या बापाची कंबर मोडे. त्यावर त्यांनी साधा उपाय काढला. अमेरिकेतील प्रत्येक घराने दरमहा एकच ठरीव रक्कम एका सामायिक खात्यात भरायची आणि त्यातून ज्याला त्याला आपापल्या ठिकाणच्या गरजेप्रमाणे भत्ता मिळायचा. पुढे ही रक्कम ४०० डॉलर होती. जुलै २०२० पासून ५०० झाली. म्हणजे दोन वर्षांचे १२ हजार डॉलर. पुष्कळ मुले शाळेत असल्यापासून कामे करून यासाठी पैसे साठवतात. गरीब देशांतील कुटुंबे झेपेल तेवढे देतात. पदरचे बारा हजार डॉलर घालून घरोघर दारे ठोठावायची आणि बहुतेक दारे तोंडावर लावून घ्यायची, हे अठराव्या वर्षी सोपे नाही.

आठवड्यातून एक दिवस मात्र या चक्राला विसावा. बहुधा सोमवार. त्याला ते तयारीचा दिवस म्हणतात. तोही पुरा नव्हे, संध्याकाळी सहापर्यंतच. त्या दिवशी कपडे धुवायचे, बाजारहाट करायचा, केस कापायचे, जमल्यास गावातले काही पाहायचे, आणि घरी लिहायचे. पूर्वी कागदावर, मग ई-मेलने. दूरध्वनीवर आईचा आवाज ऐकायचा तो वर्षातून फक्त दोनदा : नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम सैल झाला आणि आता दर आठवड्याला फोनवर किंवा पडद्यावर बोलता येते. तरीही पत्राची रीत पुष्कळांनी सोडलेली नाही.

या पत्रांत काय असते? हवा कशी आहे, नवा जोडीदार कोणत्या गावचा आहे, भाताबरोबर काय खाल्ले, पावसात कसे भिजलो, कुत्रा कसा मागे लागला, कोणत्या आजीबाईंनी घरात बोलावून पाणी दिले, कोणी ऐकून घेतले, कोण येतो म्हणून आला नाही. शेवटी ‘मी मजेत आहे, काळजी करू नका.’ आई ते पत्र वाचते आणि वाचून झाल्यावर ते पुढे पाठवते : आजी-आजोबांना, मावश्यांना, शेजाऱ्यांना, मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांना. कित्येक घरांत मुलगाच सरळ सर्वांच्या यादीवर पत्र धाडतो. पन्नास, शंभर, दोनशे माणसे एका पोराची खुशाली वाचतात.

आणि येथेच ती उणीव आहे. दोनशे माणसांनी वाचायच्या पत्रात कोण लिहील की मला रात्री झोप लागत नाही? जोडीदार चार दिवस माझ्याशी बोललेला नाही, घरची आठवण येऊन पोटात गोळा उठतो, आपण हे का करतो आहोत तेच कळेनासे झाले आहे, असे कोण लिहील? त्या समाजात दोन वर्षे पुरी न करता परतलेल्या मुलाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. आजारपणामुळे, मन खचल्यामुळे परतलेल्यांनाही ती नजर चुकत नाही. अशांना घराजवळ राहून समाजसेवा करीत ती मुदत भरण्याची सोय पंथाने ठेवली आहे, पण नजर नियमांनी बदलत नसते. ती नजर मुलाला माहीत असते. म्हणून सोमवारचे पत्र हसरे असते.

गंमत म्हणावी की दुःख म्हणावे, पण त्याच दिवशी तो मुलगा आणखी एक पत्र लिहितो. हे दुसरे पत्र त्या विभागाच्या प्रमुखाला. हा प्रमुख म्हणजे तीन वर्षांसाठी सपत्नीक आलेला एखादा प्रौढ गृहस्थ. त्याच्या हाताखाली अशी शे-दीडशे मुले असू शकतात. ते पत्र खाजगी असते. मनात काय चालले आहे ते त्यात मोकळेपणी लिहावे असे मुलांना सांगितलेले असते. म्हणजे पाहा : काल-परवापर्यंत अनोळखी असलेल्या वरिष्ठाला मनातले कळते, आणि जन्मदात्या आईला सहलीचे वर्णन कळते. ही मांडणी कोणी मुद्दाम केलेली नाही. पत्र जसजसे अधिक डोळ्यांसाठी लिहिले जाऊ लागले, तसतसे ते आईचे राहिले नाही, इतकेच.

घरची पत्रे चारचौघांत जाण्याची ही रीत त्या पंथात फार जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातून गेलेला आहे. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत सुमारे शंभर पुरुषांची नावे एकामागून एक पुकारण्यात आली आणि त्यांना देशोदेशी निघण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी नऊ जण हिंदुस्थानच्या वाट्याला आले. घोड्यावरून आणि गाड्यांतून पश्चिम किनारा गाठून, जानेवारी १८५३ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजात बसून ते एप्रिलमध्ये कलकत्त्यास उतरले. जवळ थैली बाळगायची नाही, मिळेल त्यावर निर्वाह करायचा, असा त्यांचा नेम होता. मद्रासला गेलेले रिचर्ड बॅलंटाइन याच रीतीने घरी बायको ठेवून निघालेले. त्यांच्या आधीच, सप्टेंबर १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचे एक स्कॉटिश प्रचारक मुंबई बंदरात उतरले होते. पुढे ते पुण्यास गेले. लष्करी छावणीत शिरकाव मिळेना, पाद्री विरोधात, वर्तमानपत्रे विरोधात. त्यातच युटातील बहुपत्नीत्वाची जाहीर कबुली ज्या सभेत झाली तीच १८५२ ची सभा, त्यामुळे प्रचारक बोलण्यापूर्वीच त्यांची अपकीर्ती येऊन पोहोचलेली. पुण्यात जेमतेम मूठभर माणसे त्यांच्याभोवती जमली. १८५६ पर्यंत ही सारी मोहीम जवळजवळ गुंडाळली गेली होती.

फिंडले यांची पत्रे लिव्हरपूलहून निघणाऱ्या ‘मिलेनियल स्टार’ या पंथाच्या नियतकालिकात छापली जात. छापायचे म्हटले की विरोधाचे वर्णन वीरश्रीने येते, पण एकटेपणाचे येत नाही. त्या नऊ जणांतला अमोस मिल्टन मसर निघाला तेव्हा बावीस वर्षांचा होता. कलकत्ता, मुंबई, आणि तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेली कराची, अशी भ्रमंती करून तो १८५७ मध्ये पृथ्वीला वळसा घालून घरी पोहोचला. पत्र धाडून उत्तर हाती येईपर्यंत कित्येक महिने जात, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईतो तो प्रश्नच उरलेला नसे.

खुद्द जालन्याच्या मातीतही प्रचारकाची एक कथा आहे, आणि ती अधिक बोचरी आहे. आपल्याकडे स्कॉटिश मिशन म्हटले की मिशन हॉस्पिटल आठवते. या मिशनचे काम येथे रुजवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे गोरे साहेब नव्हते. ते मराठी बोलणाऱ्या ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईत शिकत असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे जालन्यास येऊन सालारजंगांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. पण १८४३ सालीच त्यांच्या घरावर दुसरा घाव पडला होता. धाकटा भाऊ श्रीपत, अजाण वयाचा, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील न्यायालयात गेले, न्यायालयाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. पण घरी आलेल्या मुलाला जात घरात घेईना. तो मिशनऱ्यांच्या अन्नपाण्यावर राहिला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाजू लढवली, आणि त्यासाठी स्वतःही सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. थोरल्याने घर सोडले ते आपल्या निश्चयाने. धाकट्याला घर हवे होते आणि घराच्या उंबरठ्यावर चारचौघे उभे होते. या दोन भावांपैकी कोणाचे हाल अधिक झाले याचा विचार करताना माझे मन नेहमी धाकट्याकडे झुकते.

चारचौघांचे हे भय आपल्या घरांना नवे नाही. आपले खापरपणजोबा मारवाडातून दख्खनेत आले तेव्हा त्यांतील कित्येक जण चौदा-पंधरा वर्षांची पोरे होती. त्याला ‘दिसावर’ म्हणत. ‘जालना, सोने का पालना’ हे ऐकून निघायचे, नात्यातल्या एखाद्याच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राहायचे, रोकड लिहायची, सुताच्या नि सरकीच्या भावात हात काळे करायचे, आणि चार-पाच वर्षांनी एकदा गावी. मध्यंतरी पत्रे. ती पत्रे बहुधा पेढीवरच लिहिली जात, पेढीच्या कागदाबरोबर जात आणि गावी कोणी तरी ती वाड्यातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवी. ‘इथे सर्व कुशल आहे, तुमचे कुशल चाहतो’ या ठरीव शब्दांनी पत्र उघडायचे. पुढे भाव, हुंडी, पाऊसपाणी, वडील माणसांना नमस्कार. घरात बसलेल्या, पडदा पाळणाऱ्या सूनबाईसाठी त्यात एक शब्द नसे, कारण तो शब्द सासऱ्याच्या तोंडून सर्वांदेखत वाचला जाणार.

त्यातही आपली मुडिया लिपी, म्हणजे काना-मात्रांना फाटा देणारी. तिची ती जुनी थट्टा सर्वांना ठाऊक आहे. मुनिमाने लिहिले, ‘काकाजी अजमेर गया, काकीजी कोटे है.’ घरच्यांनी वाचले, ‘काकाजी आज मर गया, काकीजी कूटे है,’ आणि वाड्यात रडारड सुरू झाली. आपण ही गोष्ट हसण्यावारी नेतो. आज प्रकार उलटा आहे. पोर खरोखर कोट्यात असते, संदेशात सर्व काना-मात्रा जागच्या जागी असतात, ‘ऑल गुड मम्मी’ असे लिहिलेले असते, सोबत हसरा चेहरा असतो. आणि घरच्यांना ते सरळच वाचता येते. कोट्याहून अधूनमधून येणाऱ्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा त्या प्रत्येक घरात आदल्या रात्रीही असाच एखादा संदेश आला असेल, हा विचार पुसता येत नाही.

आपल्या घरांतला रविवारचा फोन आठवून पाहा. दादीसांच्या पलंगावर मोबाइल उभा करून ठेवलेला असतो, आवाज मोठा केलेला असतो. दादीसा, काका-काकू, भाभी, दोन लहान मुले, कधी दुकानातून सहज आलेले शेजारी. ‘जेवलास का?’ ‘बारीक दिसतोस.’ ‘मंदिरात जातोस ना?’ ‘चौविहार होतो का?’ ‘रँक किती?’ उत्तरे ठरलेली. त्याच संध्याकाळी मुलीने पाठवलेला वसतिगृहाच्या गच्चीवरचा फोटो परिवाराच्या गटात जातो, तेथून मामांच्या गटात आणि तेथून समाजाच्या गटात. प्रेमाशिवाय दुसरे काही त्यामागे नसते. पण आपण काय पाठवले की ते कुठवर जाते, हे मुलगी एकदा पाहते आणि पुढच्या वेळी त्या बेताने पाठवते. ज्यांच्या घरात सोयरिकीचे दिवस जवळ आले आहेत त्यांच्या मुली तर अधिकच बेताने.

जुन्या पेढ्यांत यावर एक तोड होती, हिशेबापुरती. कच्ची वही वेगळी आणि पक्की वेगळी. कच्च्या वहीत खाडाखोड चाले, चुकलेला आकडा चाले, ‘पाहून लिहिणे’ असा शेरा चाले. ती वही मालक आणि मुनीम यांच्या बाहेर जात नसे. दूर गेलेल्या मुलाच्या बाबतीत अशी कच्ची वही घरात एकाच्याच हाती असावी, असे मला वाटते. ती आईच असली पाहिजे असे नाही. पुष्कळदा भाभी असते, विवाहित मोठी बहीण असते, अविवाहित आतेभाऊ असतो. अट एवढीच की त्याने ऐकलेले पुढे पाठवू नये, आणि ऐकल्या ऐकल्या ‘पप्पांना सांगू का?’ असे विचारू नये. परीक्षेत मागे पडलो, मित्राकडून पैसे घेतले, हा विषयच मला नको आहे, पुढचे तिकीट काढा : अशी वाक्ये मोठ्या आवाजावरच्या फोनवर येत नाहीत. ती रात्री अकराला, एकाच माणसाला, तुटक तुटक येतात. ज्या मातापित्यांना आपल्या मुलाची कच्ची वही कोणाकडे आहे हे ठाऊक आहे आणि जे ती उघडून दाखवण्याचा आग्रह धरत नाहीत, त्यांच्या संयमाचे मोल मी पन्नास फोनांहून अधिक मानतो.

मॉर्मन घरांतही शहाणी माणसे आहेतच. काही आया सर्वांच्या पत्राखेरीज आणखी दोन ओळी मागतात, फक्त आपल्यासाठी, आणि त्या कोणाला दाखवत नाहीत. २०१९ नंतर पडद्यावर चेहरा दिसू लागला, तेव्हापासून आई-बापांना पत्रात न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या : डोळ्यांखालची वर्तुळे, आणि बोलता बोलता जोडीदाराकडे वळणारी नजर. कारण नियमाप्रमाणे जोडीदार त्याच खोलीत असतो.

दोन वर्षे संपली की मुलगा विमानतळावर उतरतो. नातलग पाट्या घेऊन उभे असतात, आई धावत येते. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्थानिक धर्मप्रमुखापुढे जाऊन तो सेवामुक्त होतो आणि छातीवरची काळी पट्टी उतरवतो. ‘एल्डर’ ही पदवी जाते आणि त्याचे नाव त्याला परत मिळते. जोडीदाराचा नियमही तेथेच संपतो. त्या रात्री दोन वर्षांत प्रथमच तो खोलीत एकटा झोपतो. पत्रांत न आलेले मग हळूहळू बाहेर पडते. कधी भांडी विसळताना, कधी मोटारीत बसल्यावर, कधी वर्षा-दोन वर्षांनी, आणि बहुधा आई समोर नसून शेजारी बसलेली असते तेव्हा.